पहिल्या फेरीतली पोरं वाया का जातात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत पंधरा वर्षं राहताय, पोरामुळे एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा नाद लागला, आणि दर एप्रिलला ड्राफ्ट, म्हणजे संघांनी कॉलेजातली पोरं निवडायचा कार्यक्रम बघताना एकच कोडं पडतं. बत्तीस संघ, प्रत्येकाचे स्काउट, म्हणजे खेळाडू पारखणारे, वर्षभर देशभर हिंडतात, स्टॉपवॉच आहे, डॉक्टर आहेत, संगणक आहे. एवढं करून कॉलेजातून उचललेला पहिल्या फेरीतला पोरगा तीन वर्षांत घरी बसतो, आणि १९९व्या क्रमांकावर घेतलेला टॉम ब्रेडी सात सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकतो. मग ही मंडळी नेमकं बघतात काय? टेप, म्हणजे सामन्यांचं चित्रण खरं, की आकडे? आणि संघाला ज्या जागेवर माणूस हवाय त्या जागेचा घ्यायचा, की उरलेल्यांत जो सगळ्यात चांगला तो?

मी मूळचा सांगलीचा. संख्याशास्त्रात एमएस करायला इकडे आलो आणि कॉलेजच्या फुटबॉल संघाच्या व्हिडिओ रूममध्ये तासावर काम मिळालं म्हणून या खेळात पडलो. पुढे दोन संघांच्या स्काउटिंग विभागात मिळून चौदा वर्षं झाली. आधी नुसता आकडेवाला होतो, नंतर मलाही गाडीत बसवून कॉलेजं हिंडायला पाठवायला लागले. संघांची नावं सांगत नाही, समजून घ्या.

आधीच सांगतो, ‘काय बघतात’ याचं उत्तर संघागणिक बदलतं आणि जागेगणिकही बदलतं. क्वार्टरबॅक (चेंडू फेकून हल्ला चालवणारा) निवडायची रीत गार्ड (त्याच्या पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणारा) निवडताना चालत नाही. शिवाय ज्या प्रशिक्षकाला जानेवारीत नारळ मिळण्याची भीती आहे, तो दोन वर्षांनी तयार होणारा कच्चा पोरगा कधीच मागणार नाही; त्याला सप्टेंबरमध्ये मैदानात उभा राहणारा हवा. तेव्हा खालचं सगळं माझ्या खुर्चीतून दिसलेलं आहे एवढं धरून चाला.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे. इथे बोली लागत नाही. गेल्या हंगामात जो संघ तळाला होता तो पहिला निवडतो, विजेता शेवटी. सात फेऱ्या, अडीचशेच्या वर नावं. हायस्कूल सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय पोरगा यात येऊ शकत नाही. ज्याने निवडलं त्याच्याकडेच खेळायचं. १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला, तेव्हा पहिल्या क्रमांकावर निवडलेला जे बर्वँगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. म्हणजे तुमची तक्रार पहिल्या दिवसापासूनची आहे.

आता खरी अडचण. चांगला खेळाडू कोण, हा प्रश्न फारसा अवघड नाही. एप्रिल उजाडेपर्यंत बत्तीसही संघांच्या बोर्डावर, म्हणजे पसंतीच्या यादीत, वरची पंधरा-वीस नावं थोड्या फरकाने तीच असतात. अवघड आहे ते हे, की कॉलेजात जे दिसतंय त्यातलं किती पुढे टिकेल. कॉलेजात तो ज्यांच्याविरुद्ध खेळतो त्यातले बहुतेक जण पुढे विमा विकणार आहेत, शाळेत शिकवणार आहेत. एनएफएलमध्ये समोरचा प्रत्येक जण आपापल्या कॉलेजचा हिरो होता. एकवीस वर्षांच्या पोराच्या शरीरात, डोक्यात आणि खिशात एकाच वर्षी केवढा फरक पडतो! आपण त्या फरकाच्या अलीकडे उभं राहून पलीकडचं सांगायला बघतो.

माहिती गोळा करायचं काम ऑगस्टमध्ये सुरू होतं. प्रत्येक स्काउटला एक इलाखा असतो. मोटेल, भाड्याची गाडी, सकाळी सहाला कॉलेजच्या व्हिडिओ रूममध्ये हजर. दुपारी सराव बघायचा, मग माणसं गाठायची. मुख्य प्रशिक्षक भेटतो, पण त्याच्याकडून फार काही मिळत नाही. मुलीचा मामा स्थळाकडच्यांना मुलीबद्दल जेवढं खरं सांगेल तेवढंच तो सांगतो. खरी माहिती खालच्या मजल्यावर असते: व्यायाम करून घेणारा, दुखापतींवर पट्ट्या बांधणारा, अभ्यासाकडे लक्ष ठेवणारी बाई, हेल्मेट-पॅड सांभाळणारा. दक्षिणेकडच्या एका कॉलेजात असाच एक पॅडवाला म्हातारा होता. एका नामांकित रिसीव्हरबद्दल (रिसीव्हर म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारा) विचारलं, तर तो टॉवेलांच्या घड्या घालत म्हणाला, “हरलो की स्वतः पॅड आणून देतो. जिंकलो की जमिनीवर टाकून जातो.” मी वहीत लिहून घेतलं. याचा अर्थ चांगला की वाईट, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. पण त्या पोराबद्दल ऐकलेल्या सगळ्या गुळगुळीत विशेषणांपेक्षा तेच वाक्य लक्षात राहिलं.

मग टेप. तुम्ही टीव्हीवर जे बघता त्यात कॅमेरा चेंडूमागे धावतो. आम्ही बघतो ते चित्रण उंचावरून घेतलेलं असतं, बावीसही खेळाडू एकाच चौकटीत. समजा मी लेफ्ट टॅकल बघतोय. हा क्वार्टरबॅकच्या डाव्या अंगाचा राखणदार. उजव्या हाताने फेकणाऱ्याची पाठ याच्या भरवशावर असते. दीडशे किलोच्या आसपासचा हा गडी उलट्या पावलांनी सरकत जातो आणि वाकून धावत येणाऱ्या सव्वाशे किलोच्या माणसाला तीन सेकंद थोपवून धरतो. चेंडू कुठे गेला ते मी बघतच नाही. पहिल्यांदा बघताना फक्त पाय. मागे सरकताना पाय जमिनीला धरून आहेत की हवेत उडतात, दोन्ही पाय एकमेकांजवळ येतात का. पाय जुळले की संपलं. बाजूने नुसता धक्का लागला तरी तो कोलमडतो. मग तीच चाल पुन्हा लावून फक्त हात: समोरच्याच्या छातीवर वेळेत पडतात की उशिरा, की बाहेरून मिठी मारतात. तिसऱ्यांदा कंबर. वाकायचं काम गुडघ्यातून करतो की कमरेतून? कमरेतून वाकणारा दमला की पुढे झुकतो, आणि पुढे झुकलेल्या माणसाला ओढून पाडायला एनएफएलमधल्या बचावपटूला अर्धा सेकंद पुरतो.

आणि सगळ्यात शेवटी, तो हरतो ती चाल. चुकणं सगळ्यांचंच होतं. पण एकदा आतून फसवून गेलेला माणूस पुढच्या वेळी परत आतूनच आला, तर याने काही शिकून ठेवलंय का? चेंडू दुसऱ्या संघाने पकडला, उलटा पळापळीचा गोंधळ सुरू झाला, तेव्हा हा धावतोय की कमरेवर हात ठेवून उभा आहे? अशा एका पोराचे चार-पाच सामने तरी बघायचे, आणि ते निवडायचे आपण. एजंट पाठवतो ती सहा मिनिटांची चित्रफीत लग्नाच्या अल्बमसारखी असते. मी मुद्दाम तगड्या प्रतिस्पर्ध्याचा, परक्या मैदानावरचा आणि दुखापतीतून परतल्यानंतरचा सामना मागतो. चौथा क्वार्टर आधी बघतो.

माझा एक नियम आहे आणि तो मी नव्या पोरांना सक्तीने पाळायला लावतो. टेपवरची ग्रेड आधी लिहायची, तारीख घालून बंद करायची, आणि मगच त्याची उंची, वजन, वेग बघायचा. उलट केलं की डोळा बाटतो. हा अमुक सेकंदांत धावतो हे कळलं की टेपवरही तो वेगवान दिसायला लागतो.

इथे कम्बाइनचा विषय येतो. दर वर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इंडियानापोलिसला तीनशेच्या वर पोरं येतात. धावतात, उड्या मारतात, १०२ किलोची कांब छातीवरून जमेल तितक्या वेळा उचलतात. लोकांना सगळ्यात आवडतं ते चाळीस यार्ड धावणं, म्हणजे साडेछत्तीस मीटर. २०१७ मध्ये जॉन रॉस नावाचा रिसीव्हर ४.२२ सेकंदांत धावला, तेव्हाचा विक्रम. नवव्या क्रमांकावर गेला आणि त्याची कारकीर्द कधी उभीच राहिली नाही. पुढच्याच वर्षी ओर्लँडो ब्राउन हा लेफ्ट टॅकल तेच अंतर ५.८५ सेकंदांत धावला, कांब फक्त चौदा वेळा उचलली. पहिल्या फेरीचं नाव म्हणून बोललं जायचं ते घसरत ८३व्या क्रमांकावर गेलं. पुढे तो अनेकदा प्रो बोलसाठी, म्हणजे वर्षातल्या निवडक उत्तम खेळाडूंत, निवडला गेला, सुपर बोलही जिंकला. टॅकल अख्ख्या कारकिर्दीत सलग चाळीस यार्ड किती वेळा धावतो? पण रिसीव्हरच्या मागे पळून त्याला रोखणाऱ्या कॉर्नरबॅकला वेग नसेल तर त्याला लपायला जागा नाही. म्हणजे आकडा तोच, पण एका जागेसाठी तो फार बोलका आणि दुसऱ्या जागेसाठी जवळपास मुका. आकडे वाईट आले की मी ग्रेड कमी करत नाही, टेप पुन्हा लावतो आणि विचारतो, हा संथपणा मैदानावर कुठे नडला? कुठेच नाही दिसला, तर मूळची ग्रेड कायम.

कम्बाइनचं खरं मोल कॅमेरे नसतात त्या खोल्यांत आहे. डॉक्टरांच्या. मी एकदाच दारापर्यंत गेलो होतो. एक पोरगा टेबलावर उताणा, आणि एकामागून एक डॉक्टर येऊन तोच गुडघा वाकवतोय, ओढतोय, पिळतोय. पोरगा छताकडे बघत होता. माझे आजोबा बाजारातून बैल आणायचे तेव्हा दात बघायचे, खूर उचलून बघायचे, दहा पावलं चालवायचे. मला ते आठवलं आणि आठवलं याची लाजही वाटली. या धंद्याची ती बाजू मला आजही आवडत नाही. पण तिथून येणारा लाल शेरा बोर्डावरचं नाव एका रात्रीत उतरवतो. टीव्हीवर ‘हा अजून कसा उरलाय?’ म्हणून हळहळ चालते, तेव्हा पुष्कळदा कारण गुडघ्यात किंवा मानेच्या मणक्यात असतं आणि ते कुणी सांगत नाही.

मुलाखती असतात, पंधरा-अठरा मिनिटांच्या. ते कांदेपोहेच. एजंटांनी महिनाभर उत्तरं पाठ करून घेतलेली असतात. त्यातल्या त्यात उपयोगी म्हणजे त्याचीच चुकलेली चाल पडद्यावर लावायची आणि म्हणायचं, सांग, काय झालं. जो आधी स्वतःचं काम काय होतं ते सांगतो, मग बाकी दहा जणांचं सांगतो, त्याला खेळ कळतो.

मुलाखतीवरून माझीच एक फजिती सांगतो. तिसऱ्या वर्षी मोबाइल नावाच्या गावात सीनियर बोलच्या, म्हणजे कॉलेज संपवणाऱ्या निवडक पोरांच्या सामन्याच्या, सरावाला गेलो होतो. तिथे एक लाइनबॅकर (बचावातल्या मधल्या फळीचा खेळाडू) भेटला, जो ऑक्टोबरमध्ये एकदाच मला त्याच्या कॉलेजात दोन मिनिटं भेटला होता. त्याने माझं नाव बरोबर उच्चारलं! अमेरिकेत माझं आडनाव बरोबर उच्चारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आईची चौकशी केली, कारण ऑक्टोबरमध्ये मी फोनवर आईशी बोलत होतो ते त्याने ऐकलं होतं. मी विरघळलो. आमचं गणित सांगत होतं की पोरगा चोवीस वर्षांचा आहे, आपल्याहून तीन-चार वर्षांनी लहान पोरांवर मात करून आकडे जमवलेत, आणि मागे पळत पास रोखण्यात तो गेली दोन वर्षं जिथल्या तिथे आहे. ते गणित मीच मांडलं होतं. तरी बैठकीत मी उभा राहून त्याच्या बाजूने भांडलो आणि त्याला एक फेरी वर नेलं. घेतला. दोन हंगामांत सुटला. माणूस सोन्यासारखा होता, आजही दिवाळीला मेसेज करतो. पण टाइट एंडच्या (अडवणारा आणि पास झेलणाराही धिप्पाड खेळाडू) मागे तो एक पाऊल उशिरा पोचायचा, आणि ते पाऊल टेपवर पहिल्यापासून दिसत होतं.

म्हणून ‘टेप की आकडे’ या भांडणात मला रस नाही. दोन्ही चुकतात, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी चुकतात, आणि फायदा तिथेच आहे. आकड्यांना भुरळ पडत नाही, पण त्यांना संदर्भही कळत नाही. मी बघतो त्यात पोराचं वय मोठं. वीस वर्षांचा असताना केलेली कामगिरी चोवीसाव्या वर्षीच्या तेवढ्याच कामगिरीपेक्षा जास्त सांगते. रिसीव्हरने एकूण किती यार्ड मिळवले यापेक्षा संघाच्या एकूण यार्डांतला त्याचा वाटा किती, हे बघतो. आणि क्वार्टरबॅकवर दबाव आल्यावर तो किती वेळा चेंडूसकट पाडला जातो, ही सवय कॉलेजातून एनएफएलमध्ये बऱ्यापैकी तशीच येते. आम्ही काय करतो, तर टेपवाल्यांची यादी आणि गणिताची यादी वेगवेगळी तयार होते. कुणी कुणाची बघायची नाही. मग जिथे दोघांत मोठी तफावत आहे तीच नावं टेबलावर घ्यायची आणि दिवसभर भांडायचं. जिथे एकमत आहे तिथे वेळ घालवण्यात अर्थ नसतो.

ही रीत नवी नाही, आणि तिच्या मुळाशी एक आपल्याकडचा माणूस आहे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. १९६०च्या दशकात डॅलस काउबॉइज या संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी निवडीसाठी संगणक वापरायचं ठरवलं आणि आयबीएमच्या एका उपकंपनीतले सलाम कुरेशी हे भारतातून गेलेले संख्याशास्त्रज्ञ त्या कामाला लागले. कुरेशींना क्रिकेट माहीत होतं, हा खेळ अजिबात नाही. मला वाटतं तेच पथ्यावर पडलं. स्काउट लिहायचे ‘चपळ’, ‘जिगरबाज’, आणि प्रत्येकाची चपळाई वेगळी. कुरेशींनी त्यांना शब्दांचा अर्थ ठरवायला लावला आणि ठरावीक मोजपट्टीवर गुण द्यायला लावले. आज आमच्या बैठकीत कुणी नुसतं “पोरगा खेळाडू आहे हो” म्हणाला की मी विचारतो, म्हणजे काय? लोकांना राग येतो. येऊ दे.

तुमचं मुख्य दुखणं बहुधा क्वार्टरबॅकचं आहे, कारण पहिल्या फेरीत सगळ्यात जास्त डोळ्यांत भरणारं अपयश तिथलंच. २०१७ घ्या. शिकागो बेअर्सनी तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर, म्हणजे एकच पायरी वर सरकायला तीन जादा पिक (निवडीचे हक्क; संघ ते आपसात बदलू शकतात) दिले आणि मिचेल ट्रुबिस्कीला घेतलं. कॉलेजात तो जेमतेम तेरा सामन्यांत सुरुवातीपासून खेळला होता. पॅट्रिक माहोम्स दहाव्या क्रमांकापर्यंत उरला होता, आणि त्याला घ्यायला कॅन्सस सिटी सत्ताविसाव्यावरून वर आलं. २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने तिसऱ्या क्रमांकासाठी पहिल्या फेरीचे तीन पिक मोजले आणि ट्रे लान्सला घेतलं; कॉलेजात सुरुवातीपासून खेळलेले सामने सतरा. पुढच्याच वर्षी त्याच संघाने ब्रॉक पर्डीला २६२व्या, अगदी शेवटच्या क्रमांकावर उचललं आणि सुपर बोल गाठला तो पर्डीला घेऊन. म्हणजे एकाच इमारतीतली तीच माणसं एकदा एवढी चुकली आणि एकदा एवढी बरोबर ठरली. त्यांची अक्कल वर्षभरात वाढली नव्हती हो.

सामने कमी म्हणजे पुरावा कमी, एवढं साधं आहे. पण तेवढंच नाही. कॉलेजात कित्येक क्वार्टरबॅकांचा पहिला रिसीव्हरच मोकळा सापडतो, दुसरीकडे बघायची वेळच येत नाही. तो दुसरीकडे बघू शकतो की नाही हे टेपवर नसतंच. जे घडलंच नाही त्याला ग्रेड कशी देणार? आणि पुढचा भाग तर स्काउटच्या हातातच नाही. माहोम्सने पहिलं वर्ष ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून काढलं, अख्ख्या हंगामात एक सामना खेळला, समोर अँडी रीडसारखा प्रशिक्षक. तोच पोरगा राखणदारांच्या फाटक्या लाइनमागे पहिल्या दिवसापासून उभा केला असता, तर? दर वर्षी कुणाला तरी असं उभं करतात, दोन वर्षांत तीन प्रशिक्षक बदलतात आणि मग म्हणतात, पोरगा वाया गेला. पोरगा की पेरणी? त्यामुळे क्वार्टरबॅकच्या अहवालात मी शेवटचं पान पोराबद्दल लिहीत नाही, आमच्याबद्दल लिहितो: आपण याला किती वेळ देणार, लाइन कशी आहे, प्रशिक्षक त्याच्या हाताला मानवेल अशा चाली लावणार का. हे पान लोकांना फार आवडत नाही.

आता गरज की गुणवत्ता. यावर आपल्याकडचं उदाहरण द्यायला मला आवडतं. २००८ मध्ये आयपीएल सुरू झालं तेव्हा एकोणीस वर्षांखालच्या विश्वविजेत्या संघातली पोरं लिलावात नव्हती. त्यांची निवड ड्राफ्टनेच झाली होती. दिल्लीला दिल्लीचाच विराट कोहली घेता आला असता. पण त्यांच्याकडे सेहवाग, गंभीर, डिव्हिलियर्स अशी फलंदाजी होती, गोलंदाज हवा होता. त्यांनी प्रदीप सांगवानला घेतलं, आणि कोहली बंगळुरूला गेला. त्या दिवशी ते चूक वाटलं नव्हतं. गरज बघून केलेल्या निवडीचं हेच असतं. तिला त्या दिवशी उत्तम कारण असतं. उलटं उदाहरण ग्रीन बे पॅकर्सचं. २००५ मध्ये ब्रेट फार्व्ह ठणठणीत खेळत असताना त्यांनी २४व्या क्रमांकावर ॲरन रॉजर्स घेतला. तीन वर्षं बाकावर बसवला. पुढची पंधरा वर्षं क्वार्टरबॅकची चिंता मिटली.

पण ‘कायम सर्वोत्तमच घ्या’ असंही मी म्हणणार नाही, कारण अठराव्या आणि एकोणिसाव्या नावात खरा फरक किती, हे आम्हाला सांगता येत नाही. कबूल करायला जड जातं, पण नाही येत. म्हणून बोर्ड एक-दोन-तीन असा लावायचाच नाही. थर लावायचे. वरच्या थरात पाच नावं, त्याखाली अकरा, त्याखाली वीस, जशी असतील तशी. एकाच थरात असाल तर गरज बघा, खुशाल. पण गरजेसाठी वरच्या थरातलं नाव टाकून खालच्या थरात उतरायचं नाही. आणि गरजेने जीव कासावीस होऊ नये म्हणून मार्चमध्ये, मोकळ्या झालेल्या जुन्या खेळाडूंतून भोकं आधीच बुजवून घ्यायची. रिकाम्या पोटी बाजारात गेलं की काहीही उचललं जातं. क्वार्टरबॅकला मात्र हा नियम लागू होत नाही; ज्याच्याकडे तो नाही त्याला बाकी बोर्ड दिसतच नाही.

इथवर मी पोर पारखण्याबद्दल बोललो. पण माझ्या मते संघ सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात ते पारखण्यात नाही, किमतीत. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (हेच थेलर, ज्यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं) या दोघांनी ड्राफ्टचा हिशोब मांडला. एकाच जागेवर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोघांत आधी निवडलेला खरोखर सरस निघण्याचं प्रमाण शंभरात बावन्न. नाणं उडवण्यापेक्षा दोन जास्त! आणि त्या दोन टक्क्यांसाठी संघ काय मोजतात बघा. नव्वदीच्या सुरुवातीला काउबॉइजने पिकच्या अदलाबदलीसाठी गुणांचा एक तक्ता केला, तो पुढे सगळ्यांनीच उचलला. त्यात पहिल्या क्रमांकाचे ३०००, दहाव्याचे १३००, सोळाव्याचे १०००, सव्विसाव्याचे ७०० गुण. म्हणजे पहिला क्रमांक सोडला तर दहावा, सोळावा आणि सव्विसावा, असे तीन पोरगे येतात. मला विचाराल तर क्वार्टरबॅकचा प्रश्न नसेल तेव्हा मी तिघे घेईन. त्यातला एक वाया जाणारच आहे, हे धरूनच.

पूर्वी तर वरच्या पिकला पगाराचाही भुर्दंड होता. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांचा, ७ कोटी ८० लाख डॉलरचा होता. २०११ पासून पगार पिकच्या क्रमांकावर बांधून टाकले, आणि त्याच वर्षी पहिल्या क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून २ कोटी २० लाख मिळाले. त्यामुळे आता खरा नफा स्वस्तात मिळालेल्या चांगल्या पोरात आहे. पर्डीने सुपर बोल गाठला त्या वर्षी त्याचा पगार दहा लाख डॉलरच्याही आत होता; उरलेल्या पैशांत संघाने आजूबाजूची बाकी पलटण उभी केली.

मग सगळे शहाणे एवढं कळूनही वर का सरकतात? कारण मागे सरकून तीन बरे खेळाडू आणणाऱ्या व्यवस्थापकाचा फोटो पेपरात येत नाही. मालकाला आजच संघाची टोपी घालून उभा राहणारा तारा हवा असतो. आणि त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला मनातून वाटत असतं की बावन्न टक्के बाकीच्यांचे, मी मात्र ओळखलंय. मलाही वाटतं. दर एप्रिलला वाटतं.

तुम्ही शेवटी लिहिलंय की मुलगा स्वतःचा बोर्ड करतो आणि त्याला यात काम करायची इच्छा आहे. त्याला एक करायला सांगा. यंदा एकाच जागेचे पंधरा खेळाडू घे, सेफ्टी (बचावात सगळ्यात मागे उभा राहणारा) किंवा गार्ड, ज्यांच्याबद्दल टीव्हीवर फार बोलत नाहीत. प्रत्येकाचे तीन सामने बघ. प्रत्येकासाठी तीन ओळी लिही: काय करू शकतो, काय करू शकत नाही, आणि मला कशाची खात्री नाही. ही तिसरी ओळ रिकामी सोडायची नाही. मग क्रम लाव, पाकिटात घाल, पाकिटावर तीन वर्षांनंतरची तारीख टाक आणि तुमच्याकडे दे. मधे उघडायला मागेल, देऊ नका. पहिल्या हंगामात चमकलेले पुष्कळ जण तिसऱ्यात दिसत नाहीत, आणि उलटही होतं. माझी अशी चौदा पाकिटं आहेत, अकरा उघडून झाली. पहिल्यात, ज्याला मी रिसीव्हरांत सगळ्यात खाली टाकला होता, त्याच्यासमोर लाल पेनने ‘अजिबात नको’ लिहिलंय, खाली दोन रेघा मारलेल्या. तो अजून खेळतोय.